अण्णासाहेबांची कडीची बंदूक

आमच्या घराण्याला शस्त्रांची परंपरा आहे. हे वाक्य मी सत्कारांत ऐकलं आहे, लग्नाच्या बैठकींत ऐकलं आहे, आणि ज्यांच्या घरातली विळी वर्षानुवर्षं बोथट असते अशा लोकांच्या तोंडून तर हमखास ऐकलं आहे. म्हणून वाटलं, एकदा आपणही वापरून बघावं. आमच्या बाबतीत ते अगदी शब्दशः खरं आहे. भिंगारमधल्या आमच्या दोन खोल्यांतून जिल्ह्यातल्या कितीतरी बंदुका आल्या आणि गेल्या. एकनळी, दुनळी, ठासणीच्या, संस्थानी, विलायती. त्यांतली एकही आमची नव्हती, एवढंच. प्रत्येकीच्या चापाला सुतळीने मालकाच्या नावाची चिठ्ठी बांधलेली असे आणि काम झालं की ती चिठ्ठीसकट निघून जाई. दादा, म्हणजे माझे वडील, सैन्यात आर्मरर होते. आर्मरर म्हणजे दुसऱ्यांनी झाडलेल्या बंदुका नीट करणारा माणूस. निवृत्तीनंतर त्यांनी दुरुस्तीचा परवाना काढला आणि तेच काम घरी सुरू केलं. फरक इतकाच की सलाम करायची गरज उरली नाही. ती सवय मात्र बरेच दिवस गेली नाही.

पुढची खोली दुकान आणि मागची घर, अशी वाटणी होती, पण ती फक्त आमच्या बोलण्यात होती. दुकानातला तेलाचा वास मागे येई आणि मागचा लसणाचा वास पुढे जाई. पहाटे छावणीतला बिगुल वाजे, मग आईच्या भाकरी थापण्याचा आवाज, मग कानशीचा. कानस लोखंडावर कशी चालते आहे यावरून दादांचा स्वभाव त्या दिवशी कसा आहे हे मला अंथरुणातूनच कळे. आईचं आणि दादांचं एकच कायमचं भांडण होतं, ते रॉकेलवरून. रेशनचं रॉकेल एका पत्र्याच्या डब्यात येई आणि त्या डब्यावर स्टोचाही हक्क होता आणि बंदुकांचाही. हुलग्याचे शेंगोळे शिजायला वेळ लागतो. ते अर्धे कच्चे असताना स्टो फुरफुरून विझला की आई पुढच्या खोलीच्या दारात येऊन उभी राही आणि शांतपणे विचारी, "आज काय जेवणार, दुनळी?" दादा उत्तर देत नसत. उत्तर नसलं की गप्प बसायचं, हे ते सैन्यात शिकले होते.

मी लहानपणापासून त्या टेबलापाशीच वाढले. शाळेतून आलं की दप्तर टाकायचं आणि स्क्रू मोजून वाटीत ठेवायचे. पुढे कॉलेजात गेले तरी तेच. मी एकवीस वर्षांची झाले त्या सुमारास दादांच्या उजव्या डोळ्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं आणि ते बिघडलं. डावा डोळाही धूसर होत चालला होता, पण त्याला हात लावू द्यायला ते तयार नव्हते. तेव्हापासून काम मी करू लागले. दादा बोटांनी चाचपून सांगत, मी बघून सांगे, आणि दोघांचं जुळलं की हत्यार हातात घेतलं जाई. गिऱ्हाइकाला यातलं काही कळू द्यायचं नाही, असं न बोलता ठरलं होतं. गिऱ्हाईक आलं की दादा बंदूक हातात घेऊन खिडकीकडे धरत आणि भिंगातून बारकाईने बघितल्यासारखं करत. एकदा भिंग उलटं धरलं होतं. गिऱ्हाइकाच्या लक्षात आलं नाही. ते निवृत्त हेडमास्तर होते.

पण परवान्याच्या तपासणीला आलेल्या साहेबांच्या लक्षात आलं. त्यांनी एका नळीवरचा नंबर दादांना वाचायला सांगितला. दादांनी बोट फिरवून तो बरोबर वाचला. मग साहेबांनी दुसरी बंदूक पुढे केली, तिचा नंबर झिजलेला होता. साहेब वाईट नव्हते. म्हणाले, "आर्मरर, नूतनीकरणाला काम करणाऱ्या दुसऱ्या माणसाचं नाव लागेल. नाहीतर मला बंद लिहावं लागेल. मुलगा आहे?"

"मुलगी आहे."

"जावई?"

"मुलगी आहे," दादा पुन्हा म्हणाले.

माझ्या नावाचा अर्ज केला. तो नगरला कचेरीत गेला आणि तिथे बसला. बाईमाणसाचं नाव बंदुकीच्या परवान्यावर लावायला कायद्याची हरकत नव्हती. हरकत कोणाचीच नव्हती. फक्त सही कोणी करत नव्हतं. जुन्या परवान्याची मुदत संपत आली होती आणि ती संपली की पुढची खोली नुसती खोली होणार होती. मला ते टेबल हवं होतं. इतकं स्पष्ट मी तेव्हा कोणाला सांगितलं नाही, कारण कोणी विचारलं नाही. आत्या विचारत होती ते श्रीरामपूरच्या एका कारकुनाबद्दल.

अशा वेळी, दसरा होऊन दिवाळी यायची होती त्या मधल्या दिवसांत, आमच्या बोळाच्या तोंडाशी जीप थांबली आणि अण्णासाहेब आले. अण्णासाहेब देवळाली प्रवरेकडच्या एका साखर कारखान्याचे चेअरमन होते. ते चालत आले तरी मिरवणूक आल्यासारखं वाटे. मागे ड्रायव्हर हिरव्या मखमलीच्या खोळीत गुंडाळलेली रायफल दोन्ही हातांवर आडवी घेऊन आला, बाळंतिणीचं मूल आणावं तशी. आईचं लक्ष खोळीवर होतं. तेवढ्या कापडात दोन झंपर झाले असते.

खोळीतून निघाली ती कडीची बंदूक. तिचं विलायती नाव काहीतरी वेगळं होतं, पण चापाभोवती लोखंडाची मोठी कडी असते म्हणून आमच्याकडे सगळे तिला कडीची बंदूक म्हणत. अण्णासाहेबांच्या वडिलांनी ती देश सोडून निघालेल्या एका इंग्रजाकडून घेतली होती. त्या काळात देश सोडून निघालेल्या इंग्रजांनी आमच्या जिल्ह्यात इतक्या वस्तू विकल्या आहेत की ते इथे राज्य करायला आले होते की दुकान टाकायला, असा प्रश्न पडतो. असो. ती बंदूक चालते कशी, ते इथेच सांगून टाकते. मुख्य नळीच्या खाली दुसरी एक बारीक नळी असते. उजव्या अंगाला एक छोटी झडप असते, तिच्यातून अंगठ्याने काडतुसं एकामागून एक आत ढकलायची. ती खालच्या नळीत रांगेत बसतात. त्यांना मागे रेटणारी स्प्रिंग असते. कडी खाली ओढली की रिकामं टरफल बाहेर उडतं आणि रांगेतलं पुढचं काडतूस एका छोट्या पट्टीवर येतं. दादा तिला पाळणा म्हणत. पाळणा काडतूस वर उचलतो, कडी परत वर घेतली की ते नळीत शिरतं. ठीक असली तर या सगळ्याचा आवाज एकच येतो, खळ-खट्. ठीक नसली तर नुसता खळ येतो आणि मग शांतता.

"मागच्या मोळीला ही शांतता माझ्या वाट्याला आली, आर्मरर," अण्णासाहेब म्हणाले. गळीत हंगामाच्या सुरुवातीला उसाची पहिली मोळी गव्हाणीत टाकतात, त्या वेळी ते हवेत पाच बार काढत. आता असं केलं तर गुन्हा दाखल होतो. तेव्हा टाळ्या पडत. "पहिला बार निघाला, दुसरा नाही. सगळा तालुका बघत होता. विरोधकांनी मला नाव ठेवलंय. एकबारी."

ड्रायव्हरने खाली बघितलं. त्याला ते नाव आधीपासून माहीत असावं.

"पुण्याला दाखवली होती?" दादांनी विचारलं.

"दोनदा. स्प्रिंग बदलली, साफ केली. तिथे चालते. घरी येते, उन्हाळा-पावसाळा भिंतीवर राहते, आणि मोळीच्या दिवशी अडते. याचा अर्थ काय? मधल्या काळात कोणीतरी हात लावतं. काडतुसांत तर घोटाळा आहेच, तो दुकानदार मी बदलला. पण बंदुकीलाही हात लागतोय. मी हे जनरल मीटिंगला बोललोय." मग त्यांनी आवाज खाली आणला. "या वर्षी पाचही बार निघाले पाहिजेत. तुमच्या त्या अर्जाचं माझ्या कानावर आलंय. पाच बार निघाले तर कलेक्टर कचेरीत मी स्वतः शब्द टाकीन. नाही निघाले..." ते थांबले आणि खिडकीबाहेर बघू लागले. खिडकीबाहेर शेजाऱ्यांची शेळी होती.

दादांची कामाची पद्धत ठरलेली होती. आधी हात, मग काडतूस, मग स्प्रिंग, आणि सगळ्यात शेवटी लोखंड. लोखंडावर शंका घेणारा आर्मरर त्यांना आवडत नसे. म्हणून पहिल्यांदा त्यांनी अण्णासाहेबांनाच कडी ओढून दाखवायला सांगितली. आमच्याकडे रिकाम्या टरफलांत बाभळीच्या लाकडाच्या गोळ्या बसवलेली खोटी काडतुसं होती, पावडरच्या डब्यात. दुरुस्तीच्या टेबलावर खरं काडतूस आणायचं नाही, हा आमच्या घरातला एकमेव धार्मिक नियम होता. अण्णासाहेबांनी कडी ओढली ती पोथीचं पान उलटावं तशी, सावकाश आणि अर्धवट.

"साहेब," दादा म्हणाले, "पूर्ण खाली जाऊ द्या. तिला लाजायचं कारण नाही."

अर्धवट ओढली की कडीची बंदूक हमखास अडते, हा तिचा सगळ्यात सामान्य रोग आहे आणि तो बंदुकीत नसतो. हल्ली पोरं मोबाईलवर व्हिडिओ बघून येतात आणि मला स्प्रिंगा, पट्ट्या, खाचा यांची नावं ऐकवतात. मी म्हणते, ओढून दाखव बाळा. निम्म्या रोगांचं निदान तिथेच होतं. पण अण्णासाहेबांनी पूर्ण ओढली तरी दुसरं काडतूस पाळण्यावर अर्धंच आलं, पाळणा वर निघाला आणि ते मध्येच चिमटलं. मी ओढली, तरी तेच. म्हणजे हात सुटला. खोटी काडतुसं बरोबर मापाची होती, म्हणजे काडतूसही सुटलं. मग मी नळीचं तोंड छताकडे केलं आणि पुन्हा ओढली, तर खळ-खट्, खळ-खट्, सगळी आली. आडवी धरली की अडली. तोंड वर असलं की काडतुसं आपल्याच वजनाने मागे घसरतात, आडवी असली की सगळा भार एकट्या स्प्रिंगवर येतो.

"मोळीला तुम्ही हवेत बार काढलात ना?" मी विचारलं. "मग कडी ओढताना बंदूक आडवी कशी आली?"

अण्णासाहेबांनी माझ्याकडे पहिल्यांदाच बघितलं. "फोटोवाल्यासाठी," ते म्हणाले.

ते गेले. बंदूक राहिली. मी ती उघडली. स्प्रिंग नवी होती, खालच्या नळीला कुठे पोचा नव्हता. पण झडपेच्या आतल्या बाजूला, पाळण्याच्या कडांना आणि खालच्या नळीच्या तोंडाशी काळपट तपकिरी लुकण बसलं होतं. दादांनी नखाने खरवडून बघितलं आणि म्हणाले, तेल. जुनं तेल साचलं आणि वाळलं की असं वार्निश होतं, रॉकेलने निघतं. मलाही ते पटलं. मी रॉकेलचा बोळा घेऊन बसले. निघालं नाही. भिजत ठेवलं, निघालं नाही. ब्रशने घासलं, तर वरचा काळा थर गेला आणि खालचा तपकिरी थर जास्तच चमकायला लागला. दादा म्हणाले अजून भिजू दे. अशा रीतीने अण्णासाहेबांच्या बंदुकीने आमचं महिन्याचं रॉकेल प्यायला सुरुवात केली. दिवाळी तोंडावर आली, आईच्या करंज्या व्हायच्या होत्या, आणि एके दिवशी तिने डबा हलवून बघितला, तळाशी उरलेलं रॉकेल स्टोच्या टाकीत ओतलं आणि टाकीचं झाकण इतकं घट्ट आवळलं की ते पुढे पकडीने काढावं लागलं.

"आता चेअरमनला सांगा," ती म्हणाली, "साखरेवर स्टो पेटत नाही म्हणावं."

म्हणून बंदूक कोरडी करून टेबलावर उघडीच ठेवली. रेशन येईपर्यंत करण्यासारखं काही नव्हतं. मुदत संपायला आली होती, मोळी त्याच्या आधी होती, आणि पुढच्या खोलीत कानशीचा आवाज नव्हता. मी त्या दोन दिवसांत टेबल झाडलं, स्क्रूंच्या वाट्या घासल्या, आणि श्रीरामपूर इथून किती लांब आहे याचा विचार केला. फार लांब नाही. एस.टी. थेट जाते.

तिसऱ्या दिवशी सकाळी चहा घेऊन टेबलापाशी आले तर मुंग्या. काळ्या, बारीक, शिस्तीत चाललेल्या. खिडकीच्या चौकटीतून उतरून टेबलाच्या पायावरून वर, स्क्रूंच्या वाट्यांना वळसा घालून थेट झडपेत. मी चहाची बशी मुद्दाम त्यांच्या वाटेत ठेवली. चार-दोन बशीकडे वळल्या, बाकीच्या ठाम राहिल्या. बंदुकीच्या तेलाला मुंग्या लागलेल्या मी कधी बघितल्या नव्हत्या. इतके दिवस रॉकेलच्या वासाने त्या फिरकल्या नव्हत्या. रॉकेल संपलं आणि त्या आल्या. मी सुईच्या टोकावर त्या लुकणाचा कण काढला आणि जिभेवर ठेवला.

"थुंक," दादा म्हणाले. त्यांना दिसत कमी होतं, पण नको ते बरोबर दिसे.

"गोड आहे."

"काय?"

"गूळ आहे, दादा."

मग त्यांनी बोट पुढे केलं. मी सुई त्यांच्या बोटाला टेकवली आणि ते बोट त्यांनी चाखलं. आई दारातून बघत होती. तीही आली, चाखलं, आणि अनुभवी माणसाने बोलावं तसं म्हणाली, "जुना हाय. पावसाळ्यात घाम फुटलेला." आम्ही तिघं त्या टेबलाभोवती उभे राहून एका चेअरमनची रायफल चाटत होतो आणि बाहेर छावणीत कोणाला तरी मानवंदना चालली होती.

गूळ रॉकेलमध्ये विरघळत नाही. पाण्यात विरघळतो. हे कोणत्याही स्वयंपाकघरात माहीत असतं, पण पुण्याच्या कारागिरापासून आमच्यापर्यंत कोणीच त्या बंदुकीला पाणी दाखवलं नसतं, कारण बंदूक आणि पाणी या दोन गोष्टी जवळ आणू नयेत हेच या धंद्यात पहिल्यांदा शिकवतात. दादाही आधी नाहीच म्हणाले. मग त्यांनाच आठवलं की पूर्वी सैन्यात काही काडतुसं झाडल्यावर नळीत उकळतं पाणी ओतत असत. "पण नळीत," ते म्हणाले. "पाळण्याला नाही." मी म्हटलं, पाळण्याला कोणी गूळही लावत नाही. त्यावर ते उठले आणि आईला म्हणाले, "पाणी ठेव." करंज्यांसाठी राखलेल्या रॉकेलवर आधण ठेवलं. मी एकेक सुटा भाग ताटात ठेवून त्यावर उकळतं पाणी ओतत गेले आणि ताटात गुळवणी साचत गेलं. खालची नळीही आतून धुतली. मग फडक्याने टिपून सगळं उन्हात ठेवलं, हात भाजेल इतकं तापल्यावर आत आणून तेल दिलं, जोडलं, आणि खोटी काडतुसं भरली. आडवी धरून कडी ओढली. खळ-खट्. शेवटच्या काडतुसापर्यंत तोच एक आवाज. आईने ते गुळवणी मोरीत ओतलं, जरा हळहळून.

आता प्रश्न गुळाचा नव्हता. गूळ घालणाऱ्याचा होता. दादांचं म्हणणं सरळ होतं. बंदूक चालते, मोळी होईल, पाच बार निघतील, शब्द पडेल. कारण सांगायचं नाही. "अण्णासाहेब सगळ्या तालुक्याला सांगून बसलेत की विरोधकांनी हात लावला. तू त्यांना सांगणार गूळ होता? हसं झालं तर शब्द टाकतील का ते?" मी म्हटलं, आणि पुढच्या वर्षी? दसऱ्याला पुन्हा गूळ जाईल, मोळीला पुन्हा अडेल, आणि त्या वेळी परवान्यावर माझं नाव असेल. पहिल्याच वर्षी माझ्या हातची बंदूक अडली तर दुसरी कोण आणील? दादा म्हणाले, आधी नाव तर लागू दे. त्यांचं बरोबर होतं. माझंही बरोबर होतं, आणि मला माझं जास्त आवडलं.

बंदूक द्यायला आम्ही दोघं एस.टी.ने देवळाली प्रवरेला गेलो. अण्णासाहेबांच्या बंगल्याच्या ओसरीवर दोन डायरेक्टर बसले होते आणि अण्णासाहेब त्यांना कोणत्या विरोधकाचा हात असू शकतो ते समजावत होते. ओसरीच्या टोकाला त्यांची आई लसूण सोलत बसली होती. तिला सगळे, मुलासकट, बाई म्हणत. बाईंनी माझ्याकडे निरखून बघितलं.

"कोनाची गं तू?"

"भिंगारच्या आर्मररची मुलगी."

"ते झालं. कोनाची म्हन्ते मी."

"बौद्ध आहोत आम्ही, बाई," दादा म्हणाले.

"बरं," बाई म्हणाल्या आणि लसणाकडे वळल्या. चहा आला. डायरेक्टरांना कपबशीतून, आम्हाला काचेच्या ग्लासांतून. ग्लास कोरे करकरीत होते, त्यांवरचा दुकानाचा कागद अजून निघाला नव्हता. जी बंदूक त्यांच्या घरात देवासारखी पुजली जात होती, तिचा शेवटचा स्क्रूसुद्धा मी उघडून धुतला होता, पण त्याबद्दल कोणी विचारलं नाही. मी चहा प्यायले. चहा चांगला होता.

अण्णासाहेबांनी कडी ओढली. पूर्ण खाली, पूर्ण वर. खोटी काडतुसं एकेक करून ओसरीवर उडाली. डायरेक्टर वा वा म्हणाले. "कोणाचा हात होता?" अण्णासाहेबांनी विचारलं. दादांनी माझ्या पायावर पाय ठेवला. मी बाईंकडे वळले.

"बाई, दसऱ्याला हिची पूजा कोण करतं?"

"मीच की. दुसऱ्या कुनाला हात लावू देत न्हाई."

"आणि नैवेद्य?"

"गुळाचा."

"कुठे ठेवता?"

"ठिवते कुठं? भरवते." बाई उठल्या, मुलाच्या हातातली बंदूक आपल्याकडे वळवून घेतली आणि अंगठ्याने झडप दाबली. "ह्ये तिचं तोंड. मालक सांगायचे, ही हितनं खाती. मग हितनंच घालायचं न्हवं? वर्सभर भितीवर टांगलेली असती बिचारी, कवा काय मागत न्हाई."

"किती घालता?"

"अंगठ्यानं बसंल तेवढा. सनाचा दिस असतो, वाईच जास्ती. आन् खाती बरं का. दुसऱ्या दिशी बगावं तर वरचा गेल्याला असतो."

"मुंग्या नेतात, बाई. आतला आतच राहतो. तो घट्ट होतो आणि काडतूस अडतं."

एका डायरेक्टरने बशीतला चहा ओढला, त्याचा आवाज फार मोठा झाला. अण्णासाहेबांचा चेहरा जनरल मीटिंगला हिशेब विचारल्यावर होत असेल तसा झाला. "बाई, तुम्ही..." ते म्हणाले.

"काय बाई? तुलाबी मीच भरिवला."

मी घाईने म्हटलं, नैवेद्य समोर ताटात ठेवला तरी चालेल. बाईंनी माझी कीव केल्यासारखं बघितलं. "ताटातलं उचलून खायाला तिला हात हायेत व्हय?" मग थोडा विचार करून त्या म्हणाल्या, "बरं. गूळ न्हाई घालायची. शबुद दिला." दादा नगरला एस.टी.तून उतरताना एवढंच म्हणाले, "सांगितलंस ते बरं केलंस." ते खरंच तसं वाटून म्हणाले की पुढचं सगळं गेलं असं समजून, ते मला आजही ठरवता येत नाही.

मोळीला आम्हाला बोलावणं होतं. मागे, बैलगाड्यांच्या बाजूला आम्ही उभे होतो. अण्णासाहेब भाषणाला उठले. विरोधकांचं नाव घेतलं नाही. त्यांनी बंदूक हातात घेतली, सगळीकडे नजर फिरवली आणि म्हणाले, "मंडळी, आमच्या मातोश्री दर दसऱ्याला या शस्त्राला आपल्या मातीतल्या उसाचा गूळ भरवतात. ज्या घरात बंदुकीलासुद्धा उपाशी ठेवत नाहीत, त्या घरात सभासद उपाशी राहील का?" टाळ्यांचा कडकडाट झाला. दोन म्हाताऱ्यांनी डोळे पुसले. मोठेपणा करायला निघालेल्या माणसाला सत्य अडवू शकत नाही, त्याला ते वापरता येतं, हे मी त्या दिवशी शिकले, आणि नंतर वर्तमानपत्रं वाचताना ते फार उपयोगी पडलं. मग बार. फोटोवाल्यासाठी बंदूक दर वेळी आडवी आली, कडी दर वेळी पूर्ण खाली गेली. मी डोळे मिटून फक्त आवाज ऐकत होते. खळ-खट्. पाचही निघाले.

अण्णासाहेबांनी शब्द टाकला. परवाना आला तेव्हा दादांनी तो हातात घेतला, माझ्या नावावर बोट फिरवलं, पण छापील शाई बोटाला लागत नाही. मी वाचून दाखवलं. मग ते कानस घेऊन बसले. आता नगरचं अहिल्यानगर झालं आहे, आमचा बोळ तोच आहे आणि दुकानाच्या पाटीवर अजून माझंच नाव आहे, उन्हाने थोडं उडालेलं.

माझ्या नावावरचा पहिला दसरा झाला आणि त्यानंतरच्या आठवड्यात पुढच्या खोलीत पाय ठेवायला जागा राहिली नाही. भाषण सगळ्या तालुक्याने ऐकलं होतं. दुनळ्या आल्या, एकनळ्या आल्या, एकाने तर ठासणीची आणली, आणि सगळ्यांना गूळ भरवलेला होता. आईने त्या दिवाळीला रॉकेलची तक्रार केली नाही, पाणीच तापवत राहिली. शेवटी जीप आली आणि ड्रायव्हरने हिरवी खोळ टेबलावर ठेवली. बाईंनी दिलेला शब्द पाळला होता. या वेळी पेढा होता.